उंची मोजणारा आयसीयू : मायचे सतरा दिवस

नागपूरच्या या दवाखान्याच्या आयसीयूला साडेचार स्टार देऊन रायलो. अर्धा काहून कापला ते पुढं येईल, पण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती आधी सांगतो. रात्रीचे पावणेबारा वाजले होते, मायला स्ट्रेचरवरून बेडवर घेतलं, तोंडात नळी, मशीन लागलेली, अन् ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी सिस्टरला पहिली गोष्ट काय सांगितली तर "टेप आण". मला वाटलं चिकटपट्टी मागितली. सिस्टरनं शिंप्याजवळ असतो तसा टेप आणला, मायचे पाय सरळ केले, टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलं, मधात गुडघ्याखाली चादर गोळा झाली होती म्हणून ती काढून परत मोजलं, अन् बेडमागच्या पांढऱ्या बोर्डवर मार्करनं लिहिलं, उंची १५० सेंमी. त्याच्या खाली ४३.३ किलो. त्याच्या खाली २६० मिली.

मी दारातच उभा होतो, म्हटलं मॅडम मायचं वजन ७१ किलो आहे, चुकून रायलं काहीतरी. त्या म्हणाल्या, "दादा, वजन मला दिसतंय. मला फुप्फुसाचं माप पाहिजे, अन् ते उंचीवर असते."

तेव्हा काही समजलं नाही. आता समजते, म्हणून लिहून रायलो, काहून की आमच्याकडं कोणाचा माणूस व्हेंटिलेटरवर गेला की सगळे एवढंच विचारतात, मशीन आहे का, मशीन रिकामी आहे का, दिवसाचे किती घेतात. मशीन आता तालुक्यालाही मिळते. ती मशीन लावायची कशी, तिथंच सगळं आहे.

आम्ही समुद्रपूर तालुक्यातले, सहा एकर, कापूस अन् सोयाबीन, अन् माझं रोडवर छोटं गॅरेज आहे, ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, मोटरसायकली. मायचं वय ५२. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी बैलांसाठी ती रोज धुऱ्यावरचं गवत कापून आणे, कंबरेएवढं वाढलं होतं यावर्षी. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, त्याच रात्री तिला थंडी वाजून ताप. गावातल्या डॉक्टरनं दोन सुया दिल्या, गोळ्या दिल्या, मलेरियाची तपासणी केली ती निगेटिव्ह. पाचव्या दिवशी डोळे लाल, अंग सुजलं, खोकला, अन् सहाव्या दिवशी ओसरीतून न्हाणीपर्यंत जायचं तर मधात बसून गेली. "मले दम पुरून नाई रायला रे," एवढंच म्हणे.

तालुक्याच्या गावच्या एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही, त्यांनी त्यांच्या परीनं केलं. एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरी, सॅच्युरेशन ७४, मास्कवर ठेवलं तरी ८५ च्या वर जाईना, मग नळी टाकली अन् व्हेंटिलेटर लावला. इथपर्यंत बरोबरच होतं, उशीर केला असता तर माय तिथंच गेली असती, हे मी मान्य करतो. पण तिथं उंची कोणी मोजली नाही. त्यांनी मशीनवर एका श्वासाला ४३० मिली हवा लावली होती. आता या आकड्याचा हिशोब पाहा, कारण मी नंतर कागद घेऊन बसलो होतो. नियम आहे किलोमागे ६ मिली. ७१ किलो धरलं तर ४२६ येते, म्हणजे नियम त्यांनाही माहीत होता, त्यांनी तो लावलाही, फक्त किलो चुकीचे धरले. माय बुटकी आहे अन् अंगानं भरलेली आहे. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही, ते हाडाच्या सापळ्याबरोबर वाढते. म्हणून उंचीवरून एक वजन काढतात. उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, त्यातून १५२.४ वजा करायचे, जे उरलं त्याला ०.९१ नं गुणायचं, बाई असेल तर ४५.५ मिळवायचे अन् पुरुष असेल तर ५०. मायची उंची १५०, म्हणजे वजाबाकीच उणे येते, २.४ उणे, गुणून अंदाजे २.२ उणे, अन् ४५.५ मधून ते गेले की ४३.३ किलो. सहानं गुणा, २६० मिली. ४३० अन् २६०. म्हणजे तिच्या मापाला किलोमागे दहाच्या आसपास हवा जात होती, दर श्वासाला, मिनिटाला अठरा-वीस वेळा, दीड दिवस.

तिथून नागपूरला न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समधली छोटी मशीन जाम चौकाच्या पुढं बंद पडली, बॅटरी उतरली होती. सोबतचा पोरगा जेमतेम बावीस-तेवीसचा असेल, त्यानं अँबू बॅग लावली अन् बुटीबोरीच्याही पुढपर्यंत हातानं हवा देत राहिला, एका हाताला कळा लागल्या की दुसरा हात, तोंडानं आकडे मोजत. सॅच्युरेशन ७८ वर आलं, तो घामानं चिंब, पण थांबला नाही. नंतर कुठंतरी वाचलं की १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली तेव्हा मशीनी पुरल्या नव्हत्या, तर मेडिकलच्या शेकडो पोरांनी पाळ्या लावून असंच हातानं हवा देऊन माणसं जगवली होती. वाचताना मला तोच पोरगा आठवला. त्याचा नंबर घ्यायचा राहून गेला याचं वाईट वाटते.

आता या दवाखान्याच्या आयसीयूबद्दल.

पोचल्यावर नळी ॲम्ब्युलन्सच्या बॅगवरून त्यांच्या मशीनवर घ्यायची होती. तर आयसीयूतल्या ब्रदरनं आधी नळीला चिमटा लावला, म्हणजे नळी पूर्ण दाबून बंद केली, मग बॅग काढली, मशीनचा पाइप जोडला, मशीन सुरू झाली का ते पाहिलं, अन् मगच चिमटा सोडला. दोन-तीन सेकंदाचं काम. मी विचारलं हे कशासाठी भाऊ, तर म्हणे नळी उघडी राहिली तर फुप्फुसातलं प्रेशर एकदम उतरते, जेवढं फुललं असेल तेवढं परत चिपकते, अन् ते परत उघडायला तास लागतात. मी ट्युब-टायरचं काम करतो, व्हॉल्व्ह उघडा सोडला तर काय होते ते मला कोणी शिकवायची गरज नाही, पण माणसाच्या छातीत तेच असते हे माहीत नव्हतं. श्वास सोडल्यावरही आत थोडं प्रेशर ठेवतात त्याला पीप म्हणतात. मायला ५ वरून १२ वर नेलं, मग १४.

प्रेशरची गोष्ट मला लय जवळची वाटली म्हणून थोडं जास्त लिहितो. मशीनवर एक बटण असते, श्वास आत गेला की क्षणभर हवा तिथंच अडवते अन् फुप्फुसात खरं प्रेशर किती आहे ते दाखवते. त्याला प्लॅटो प्रेशर म्हणतात. आधीच्या दवाखान्याच्या सेटिंगवर त्यांनी मोजलं तर ३६. हे ३० च्या आत पाहिजे. २६० मिली केल्यावर तेच २७ वर आलं. हे आकडे सेंटिमीटर पाण्याचे असतात. मी घरी आल्यावर हिशोब केला, ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे अर्धा पीएसआयसुद्धा होत नाही. मोटरसायकलच्या टायरमध्ये मी रोज पंचवीस-तीस पीएसआय भरतो. अन् इथं अर्ध्या पीएसआयच्या आत-बाहेरवर माणसाचं फुप्फुस फाटते का राहते ते ठरते. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले, त्यांनी आम्हाला, म्हणजे मला, बाबाला अन् मामाला, आत एका छोट्या खोलीत बसवून समजावलं. वीस मिनिटं बसले. हे मी खास लिहितो कारण दुसरीकडं "सिरीयस आहे, सही करा" एवढंच ऐकायची सवय झाली होती. ते म्हणाले या आजाराला एआरडीएस म्हणतात, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्वरच्या डॉक्टरांनी बारा पेशंटवरून पहिल्यांदा लिहिला. फुप्फुसाच्या बारीक पिशव्यांची भिंत सुजते, पाझरते, आत पाणी भरते. अन् मग त्यांनी जे सांगितलं ते बाबालाही समजलं, जे चौथी शिकले आहेत. म्हणाले, "फुप्फुस सगळं कडक झालं असं समजू नका, ते लहान झालं असं समजा. मोठ्या माणसाच्या छातीत सध्या लहान लेकराएवढंच फुप्फुस चालू आहे, बाकीचं बुडालं आहे. आता लेकराच्या फुप्फुसात मोठ्या माणसाची हवा कोंबली तर जे चांगलं आहे तेही जाईल." बाबा म्हणाले, "म्हंजे एक एकर ओलितात अन् पाच एकराचं पाणी सोडलं तर." डॉक्टर म्हणाले हो, तसंच.

मायचा एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची ऑक्सिजन-कार्बनची तपासणी, असा होता, मशीनवर ऑक्सिजन ८० टक्के अन् रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रेशर ५८. ५८ भागिले ०.८, ७२ च्या वर. चांगल्या माणसात हा आकडा चारशेच्या वर असतो. २०१२ पासून जी व्याख्या वापरतात त्यात ३०० च्या आत सौम्य, २०० च्या आत मध्यम अन् १०० च्या आत गंभीर. माय गंभीरमध्येही खालच्या बाजूला होती.

इथं घरच्या लोकांचं अन् डॉक्टरचं कुठं बिनसते ते सांगतो, कारण आमचंही बिनसलं. हवा कमी केली म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढला, ६२ झाला. त्यांनी श्वासाचा वेग वाढवून ३० वर नेला तरी तो पूर्ण निघेना. अन् सॅच्युरेशन ८९-९० वरच ठेवलं. मामा चिडला, म्हणे तालुक्याला ९४ होतं, इथं आणून कमी केलं, मोठ्या दवाखान्यात येऊन उलटं होऊन रायलं. मलाही तसंच वाटलं, खोटं काय सांगू. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ८८ ते ९५ च्या मधात राहिलं तर पुरते, ९८ चा आकडा पाहायला छान दिसतो पण तो आणण्यासाठी फुप्फुस ताणावं लागते. कार्बन थोडा वाढू देतात, रक्ताची आम्लता एका हद्दीपलीकडं जाऊ देत नाहीत, त्यावर नजर ठेवतात. सन २००० मध्ये अमेरिकेत ८६१ पेशंटवर अभ्यास झाला होता, अर्ध्यांना किलोमागे १२ मिली, अर्ध्यांना ६. बारावाल्यांमध्ये ३९.८ टक्के गेले, सहावाल्यांमध्ये ३१. अन् गंमत नाही, खरी गोष्ट, पहिल्या दिवशी रक्तातला ऑक्सिजन बारावाल्यांचाच चांगला दिसत होता. हे मी मामाला दोनदा सांगितलं. मॉनिटरवर जो आकडा चांगला दिसतो तो माणूस वाचवेलच असं नाही.

रोग काय ते पोचलो त्याच रात्री सापडलं होतं, अन् तेही एका सिस्टरमुळं. अंग पुसताना तिला मायच्या कंबरेला, जिथं परकराची नाडी बांधते तिथं, एक काळा खरपुडीसारखा डाग दिसला, बिडीनं चटका दिल्यासारखा, आजूबाजूनं लाल. तिनं लगेच मॅडमला बोलावलं. स्क्रब टायफस. गवतातले बारीक किडे, डोळ्याला दिसतही नाहीत असे, त्यांची पिल्लं चावतात. २०१८ मध्ये नागपूरकडं याची साथ आली होती तेव्हा पेपरात वाचलं होतं, पण आपल्या धुऱ्यावर असेल असं कोणाच्या डोक्यात येते. मायला दुखलंही नव्हतं, खाजही नव्हती. रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, पण यांनी वाट पाहिली नाही, रात्रीच डॉक्सीसायक्लिन अन् ॲझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून सुरू केलं. गंभीर स्क्रब टायफसमध्ये दोन्ही मिळून दिलं तर एकट्यापेक्षा चांगलं, असा अभ्यास आपल्याच देशातल्या दवाखान्यांनी केला आहे, २०२३ मध्ये छापून आला. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती, पावसाळ्यात ताप चार-पाच दिवस उतरला नाही तर बाईमाणसानं लाजू नये, काखेत, कंबरेला, छातीखाली, जांघेत डाग आहे का ते घरातल्या बाईला पाहायला सांगावं, अन् डॉक्टरला गवत कापल्याचं सांगावं. आमच्या गावच्या डॉक्टरला आम्ही ते सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

आता पोटावर झोपवण्याची गोष्ट. नवीन सेटिंगवर दहा तास ठेवून पाहिलं, तो ७२ चा आकडा ९५ पर्यंतच आला. मग ठरलं पालथं करायचं. त्याला प्रोन म्हणतात. बाबा ऐकून रडायलाच लागले, "एवढ्या नळ्या हायेत, तिले पालथी करून रायले का जी, जीव जाईन तिचा." मला मॅडमनी काचेच्या बाहेरून पाहू दिलं, म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

सहा जण होते. एक फक्त डोक्याशी, त्याचे दोन्ही हात नळीवर अन् जबड्यावर, बाकी कशालाही हात लावायचा नाही, अन् मोजणं त्याच्याच तोंडून. आधी अर्धा तास तयारीच चालली. डोळ्यात मलम टाकून पट्ट्या लावल्या. नाकातल्या नळीतून दूध-पाणी बंद करून पोट रिकामं केलं. छातीवरचे मॉनिटरचे तार काढून पाठीवर लावले. छातीखाली अन् कंबरेखाली उशा, पोट मोकळं राहील अशा. मायचे केस लांब आहेत, ते नळीच्या पट्टीत अडकत होते, तर एका सिस्टरनं तिथंच उभ्या-उभ्या दोन वेण्या घातल्या, शाळेतल्या पोरीसारख्या, अन् टोकाला गॉजची पट्टी बांधली. मग चादरीत गुंडाळून आधी बेडच्या एका काठाला सरकवलं, कुशीवर केलं, थांबले, मॉनिटर पाहिला, अन् "एक, दोन, तीन" वर पालथं. एक हात डोक्याकडं वर, दुसरा खाली, तोंड एका बाजूला. दर दोन तासांनी तोंडाची अन् हाताची बाजू बदलत. अकरा वाजता पालथं केलं, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला सरळ. सतरा तास. कमीत कमी सोळा तास तरी पाहिजे म्हणतात.

हे काम कसं करते तेही विचारून घेतलं. माणूस उताणा पडला की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग हृदयाच्या अन् वरच्या ओल्या फुप्फुसाच्या वजनाखाली दबतो, अन् नेमका तोच भाग मोठा असतो, रक्तही तिथं भरपूर जाते. म्हणजे रक्त आहे पण हवा नाही. पालथं केलं की तो भाग मोकळा होते, हवा सगळीकडं सारखी पसरते, म्हणून ताणही एका जागी पडत नाही. फ्रान्सच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ४६६ गंभीर पेशंटचा अभ्यास छापला, उताणे ठेवलेल्यांमध्ये २८ दिवसांत ३२.८ टक्के गेले अन् रोज पालथं केलेल्यांमध्ये १६ टक्के. अर्धे. अन् याला काही नवीन मशीन लागत नाही, कोट्यवधीचं औषध लागत नाही, सहा माणसं, चार उशा अन् शिकलेले हात लागतात. म्हणूनच मी म्हणतो दवाखाना निवडताना बिल्डिंग पाहू नका, रात्री दोन वाजता आयसीयूत सहा माणसं जमतात का ते विचारा.

पहिल्या पालथ्यानंतर आकडा ११८. दुसऱ्यानंतर सरळ केल्यावर घसरला, १०२, त्या दिवशी आम्ही कोणीच जेवलो नाही. तिसऱ्यानंतर १४५. चौथ्यानंतर १९० अन् सरळ केल्यावरही टिकला, तेव्हा मॅडम म्हणाल्या आता नाही करत. या दिवसांत झोपेचं औषध अन् पहिले दोन दिवस अंग सैल ठेवायचं इंजेक्शन चालू होतं, ते सगळ्यांना लागत नाही, माय मशीनच्या विरोधात श्वास ओढत होती म्हणून दिलं. पाणीही मोजून. लघवीची पिशवी दर तासाला मोजत. आम्हाला वाटे सलाइन वाढवावी, माय सुकून रायली, पण बीपी स्थिर झाल्यावर यांनी उलट पाणी काढायचं औषध दिलं, म्हणे फुप्फुस कोरडं ठेवायचं आहे.

मग मशीन काढायची पाळी. रोज सकाळी झोपेचं औषध थांबवून पाहत, माय डोळे उघडते का, हात दाबते का. मग मशीनचा आधार कमी करून अर्धा तास तिलाच श्वास घ्यायला लावत. सातव्या दिवशी जमलं नाही, श्वासाचा वेग चाळीसवर गेला. आठव्यालाही नाही. नवव्या दिवशी दुपारी नळी काढली, अन् नाकातून जोरात गरम ओली हवा देणारी मशीन लावली दोन दिवस. मी आत गेलो तर तिचा पहिला शब्द, आवाज असा घोगरा की ओळखूच आला नाही, "बैल सुटले रे. बांध त्याईले." तिला बेडच्या पलीकडं आमचे दोन्ही बैल उभे दिसत होते. मी घाबरलो, वाटलं डोक्यावर परिणाम झाला. सिस्टर म्हणाल्या असं होते, औषधाचं, झोप नसल्याचं, तिच्याशी वाद घालू नका, घड्याळ दाखवा, वार सांगा, चष्मा लावा. मी म्हटलं बांधले माय, दोघंही बांधले. दोन रात्री चाललं, मग गेलं.

अर्धा स्टार कापला त्याची कारणं. एक, गालावर अन् हनुवटीवर पालथं ठेवल्यानं जखम झाली, गाल काळा पडला होता. ती टाळता येते असं त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला माणसं कमी होती अन् दोन तासाची बाजू बदलायची एकदा चुकली. त्यांनी ते लपवलं नाही, मॅडमनी स्वतः सांगितलं, म्हणून अर्धाच कापला. दोन, नातेवाइकांची खोली. चाळीस माणसांत चार्जिंगचे दोन पॉइंट, पंखा एक, डास इतके की बाबाला मी तिथं झोपू दिलं नाही. खेड्यावरून आलेला माणूस पंधरा-पंधरा दिवस तिथं राहतो, तो हॉटेलात जाऊ शकत नाही. तीन, रात्री औषध आणायला खाली चार वेळा पाठवतात, एकदाच यादी द्यावी. महात्मा फुले योजनेत रेशन कार्डावर मंजुरी मिळाली, आरोग्यमित्र चांगला होता, कागद कोणते ते एकाच वेळी सांगितले. आधीच्या दवाखान्याचं अन् ॲम्ब्युलन्सचं मात्र घरातून गेलं, सोयाबीन यायच्या आधीच त्याचे पैसे उसने झाले. कॅन्टीनचा तर्री पोहा चांगला आहे, चहा पाणचट.

सतराव्या दिवशी घरी आलो. माय उभी राहू शकत नव्हती, मांड्या इतक्या बारीक झाल्या होत्या की मी पाहू शकलो नाही. हे कोणी आधी नीट सांगत नाही, मशीनवरून सुटला म्हणजे माणूस बरा झाला असं घरचे धरून चालतात. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी कागदावर चित्रं काढून दिली होती, खाटेवर बसून पाय उचलायचे, भिंत धरून उभं राहायचं, मग अंगणात तुळशीपर्यंत. दीड महिना लागला तुळशीपर्यंत बिनआधार जायला. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तर सहा मिनिटं चालवून पाहिलं, सॅच्युरेशन ९६ चं ९३ झालं, पण चालली. मायला आयसीयूतलं काहीच आठवत नाही. तिनं एकच विचारलं, "माह्या वेण्या कोनं घातल्या होत्या?" त्या सिस्टरची सुट्टी होती त्या दिवशी.

परत येताना मी तालुक्याच्या त्या दवाखान्यात थांबलो. भांडायला नाही. गॅरेजमधला नवाच टेप सोबत घेतला होता अन् एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तो उंचीचा हिशोब लिहून आणला होता, बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा. डॉक्टर बाहेरगावी गेले होते. आयसीयूच्या सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं, मायची फाइल काढून पाहिली, त्यात उंचीची जागा खरंच रिकामी होती. टेप तिनं ठेवून घेतला अन् पुठ्ठा मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. सोमवारी डॉक्टर येतात म्हणाली, तेव्हा परत जाणार आहे.